मंदगती फलकांचे राज्य

खंडाळ्याच्या माथ्यावरून कर्जतच्या पायथ्याकडे उतरणाऱ्या बोरघाटातील लोहमार्गाचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली त्यावरून गाड्या धावू लागल्या. या मधल्या अवधीत, सुरुंगांनी फुटलेल्या काळ्या कातळाच्या राशींतून, रेल्वेच्या कंत्राटात ज्याचा उल्लेख असण्याचे काहीच कारण नव्हते असा एक ऐवज उजेडात आला, आणि तो म्हणजे कातळाच्या पोटातील लहानमोठ्या पोकळ्यांच्या भिंतींवर वाढलेले पांढरे, फिकट हिरवे, क्वचित गुलाबी स्फटिक. युरोपातील खनिजसंग्राहकांनी त्यांची पारख केली आणि संग्रहालयांनी त्यांना काचेच्या कपाटांत जागा दिली; पुण्याच्या परिसरातील अशाच एका तंतुमय खनिजाला तर एकोणिसाव्या शतकात पुण्याच्याच नावावरून ‘पूनाहलाइट’ म्हणण्याचाही प्रघात पडला.

हे स्फटिक कातळात आले कसे, याची हकिकत थोडक्यात सांगण्याजोगी आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांवर थर साचून दख्खनचा हा खडक झाला. थिजणाऱ्या लाव्ह्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. आणि पुढे खडकाच्या भेगांतून फिरणाऱ्या उष्ण पाण्याने वाटेत सापडलेली सिलिका, ॲल्युमिना, चुना आणि सोडा विरघळवून घेऊन, परिस्थिती पालटताच, तो सारा माल या पोकळ्यांत जमा केला. हातात मावेल एवढ्या एकाच खळगीत स्कोलेसाइटाच्या बारीक पांढऱ्या सुया, स्टिल्बाइटाच्या एकमेकींवर चढलेल्या पातळ पट्ट्या आणि अपोफिलाइटाचे पारदर्शक मनोरे शेजारी शेजारी नांदताना दिसतात. द्रव्ये निराळी म्हणून आकारही निराळे, एवढ्यावर समाधान मानता आले असते. परंतु एकच अपोफिलाइट एका खळगीत चौकोनी ठोकळ्याच्या रूपाने आणि दुसरीत टोकदार मनोऱ्याच्या रूपाने वाढलेला आढळतो, आणि याच पोकळ्यांत सापडणाऱ्या कॅल्साइटाच्या रूपांची तर गणतीच करवत नाही. घटक तेच, अणूंची अंतर्गत मांडणीही तीच, आणि तरीही बाह्याकृती भिन्न, असे का व्हावे? आकार ठरवण्याची मुखत्यारी नेमकी कोणाकडे आहे?

मावळच्या डोंगराला हा प्रश्न विचारून उपयोग नाही; तेथील पाणी केव्हाच आटले, त्याचे तापमान किती होते आणि त्यात काय काय मिसळले होते याचा अदमास तेवढा बांधता येतो. पण अगदी याच धर्तीचा प्रयोग, म्हणजे उष्ण पाण्यातून स्फटिक वाढवून त्याचा आकार पाहण्याचा प्रयोग, काचेच्या चंचुपात्रात एका दुपारी करता येतो, आणि त्यासाठी गेल्या पंचवीस वर्षांत जगभरच्या रसायनज्ञांनी ज्या पदार्थाला सर्वाधिक राबवले तो जस्ताचे ऑक्साइड, म्हणजेच झिंक ऑक्साइड, होय.

हा पदार्थ वाचकाच्या परिचयाचा आहे, नसेल तर नावाने नसेल. अंगावर घामोळे आले की लावायच्या कॅलामाइन लोशनमध्ये तो असतो, मोटारीच्या टायरचे रबर टणक करताना तो लागतो, आणि ज्याला वैद्य यशदभस्म म्हणतात त्याचाही मुख्य अंश तोच. वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या लोणावळ्यात त्याच्या एका आप्ताची गाठ नको त्या वेळी पडते: छपरासाठी आणलेले जस्ताचा मुलामा दिलेले नवे पत्रे गठ्ठ्याने एकावर एक रचून पावसात राहिले, म्हणजे दोन पत्र्यांच्या फटीत शिरलेले पाणी वाऱ्याला मोकळे न होता तेथेच दबा धरून बसते, आणि गठ्ठा सोडून पाहावा तो पत्र्यांच्या झळाळीवर पिठूळ पांढरे डाग पसरलेले असतात. लोहार याला पांढरा गंज म्हणतात. ते डाग शुद्ध ऑक्साइडाचे नसतात, त्यांत जस्ताच्या हायड्रॉक्साइडाचा आणि कार्बोनेटाचा वाटा मोठा असतो. पण जस्त, पाणी आणि हवा एकत्र येताच पांढरी भुकटी तयार होण्यास कोणाच्या आज्ञेची गरज लागत नाही, एवढे त्यावरून कळते. भुकटी होणे सोपे आहे. हव्या त्या आकाराचे रवे होणे, आणि तेही मिलिमीटराच्या दहा हजाराव्या हिश्श्याएवढ्या जाडीचे होणे, ही वेगळी बाब आहे.

झिंक ऑक्साइडाच्या स्फटिकात जस्ताच्या प्रत्येक आयनाभोवती ऑक्सिजनचे चार आयन आणि ऑक्सिजनच्या प्रत्येक आयनाभोवती जस्ताचे चार, अशी मांडणी असते. या मांडणीची पुनरावृत्ती होणारा सर्वांत लहान घटक षट्कोनी जातीचा असून त्याची रुंदी सुमारे ०.३२५ नॅनोमीटर आणि उंची सुमारे ०.५२ नॅनोमीटर भरते. उंचीच्या दिशेने, म्हणजे मुख्य अक्षाच्या दिशेने पाहत गेले, तर धन भाराच्या जस्ताचा एक थर, त्यावर ऋण भाराच्या ऑक्सिजनचा एक थर, पुन्हा जस्ताचा, पुन्हा ऑक्सिजनचा, असा क्रम लागतो. आणि त्याचा परिणाम असा होतो की स्फटिकाचे एक टोक निव्वळ जस्ताच्या थराने संपते तर दुसरे निव्वळ ऑक्सिजनच्या थराने. ही दोन टोके एकमेकांची प्रतिबिंबे नव्हेत. त्यांचे स्वभाव वेगळे, द्रावणातील कोणत्या आयनाला ती जवळ करतील याचे नियमही वेगळे. उलटपक्षी बाजूचे सहा उभे फलक घेतले, तर त्यांवर जस्त आणि ऑक्सिजन सारख्याच संख्येने हजर असल्यामुळे तेथे भाराचा जमाखर्च जुळलेला असतो आणि ते फलक तुलनेने स्वस्थ असतात. टोकांचे फलक अस्वस्थ, बाजूचे स्वस्थ, हा भेद ध्यानात ठेवला म्हणजे पुढचे बहुतेक सारे प्रकरण आपोआप उलगडत जाते.

स्फटिक आपल्या पृष्ठभागाची एकूण ऊर्जा शक्य तितकी कमी ठेवू पाहतो, हा विचार अमेरिकन शास्त्रज्ञ गिब्ज आणि फ्रेंच शास्त्रज्ञ पियर क्यूरी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मांडला, आणि १९०१ साली वुल्फ यांनी त्याला भूमितीचे रूप दिले. परंतु हा न्याय लागू पडतो तो स्फटिकाला निवांतपणे आपले घर लावून घेण्यास पुरेशी मुदत मिळाली तर. प्रत्यक्षात वाढत्या स्फटिकाचा आकार ठरतो तो त्याच्या निरनिराळ्या फलकांच्या वाढीच्या वेगांवरून, आणि येथे सामान्य बुद्धीला प्रथमदर्शनी उलटा वाटेल असा एक नियम आहे: जो फलक वेगाने वाढतो तो लहान होत जातो आणि जो मंद असतो तो पसरतो. वेगवान फलकावर अणूंचे थर भराभर चढतात, त्यामुळे तो केंद्रापासून दूर दूर सरकतो, आणि तो तिरका असेल तर त्याच्या कडेचे मंद फलक वाढत्या लांबीने त्याची जागा व्यापत अखेर त्याचे नुसते टोक उरवतात. तो आडवा, म्हणजे अक्षाला काटकोनात असेल, तर अगदी नाहीसा होत नाही. पण खांब उंच उंच होत जातो आणि माथ्यावरच्या त्या चिमुकल्या षट्कोनाचा एकूण पृष्ठातील हिस्सा नगण्य होतो. तात्पर्य, सिद्ध झालेल्या स्फटिकावर आपल्याला ज्यांचे राज्य दिसते ते फलक वाढीच्या शर्यतीत मागे राहिलेले असतात. झिंक ऑक्साइडाची अस्वस्थ टोके वेगाने वाढतात आणि स्वस्थ बाजू रेंगाळतात. म्हणून या द्रव्याचा नैसर्गिक कल कांडी होण्याकडे, षट्कोनी उभ्या कांडीकडे आहे. रसायनज्ञाने काहीही केले नाही तरी ते कांडीच होईल. त्याला काही वेगळे हवे असेल तर कोणत्या फलकाला अडवायचे याची तजवीज त्याने करावी.

येथे जरा आडवाटेने जाण्याची मुभा वाचकाने द्यावी. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते, आणि त्याच्या वाफेला हवा मिळताच ती हिरवट निळ्या ज्योतीने पेटून पांढरा लोकरी धूर देते. राजस्थानातील झावर येथे जुन्या काळी जस्त काढणाऱ्यांची सारी कसोटी या वाफेला हवा लागू न देता थंड करण्यातच होती, कारण हवा लागली की धातू गेला आणि भस्म हाती आले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक प्रचारात आल्यावर, गेल्या शतकाच्या चाळिशीत, या धुराचे कण पाहण्यात आले तेव्हा त्यांतील पुष्कळसे चार हातांचे निघाले: एका मध्यबिंदूपासून चार सुया चार दिशांना फाकलेल्या, जमिनीवर कसाही टाकला तरी एक काटा वर रोखलेला राहतो त्या सराट्यासारख्या. मध्यभागीच्या बीजाला चार समान दिशा असतात आणि प्रत्येक दिशेला एकेक कांडी आपल्या अक्षाने वाढत जाते, असा त्याचा उलगडा आहे. म्हणजे भट्टीच्या धुरातही हा पदार्थ आपला कांडीचा हट्ट सोडत नाही. फक्त एका बीजावर चार कांड्यांचा वहिवाटीचा हक्क लागतो.

आता पाण्यातील प्रयोगाकडे येऊ. काचेची एक पट्टी स्वच्छ धुऊन घ्यावी, तीवर अल्कोहोलात विरघळवलेल्या झिंक ॲसिटेटाचे थेंब सोडून वाळवावे आणि सुमारे ३५० अंशांवर ती वीसेक मिनिटे तापवावी. ॲसिटेट जळून जाते आणि काचेवर झिंक ऑक्साइडाच्या काही नॅनोमीटर आकाराच्या रव्यांचा, डोळ्यांना न दिसणारा थर राहतो. हा बीजांचा थर होय, आणि त्यातील बहुसंख्य रवे आपला मुख्य अक्ष उभा करून बसतात, ही निसर्गाची मेहेरबानीच म्हणावयाची. मग एका लिटर पाण्यात सुमारे ७.४ ग्रॅम झिंक नायट्रेट आणि सुमारे ३.५ ग्रॅम हेक्झामिन विरघळवून ते द्रावण ९० अंशांवर ठेवतात आणि पट्टी त्यात पालथी, बीजांची बाजू खाली करून, टांगतात. पालथी का, याचे उत्तर पहिल्या तासाभरातच मिळते: द्रावण हळूहळू गढूळ होते, त्यात स्वतंत्रपणे जन्मलेले कण तळाकडे बसू लागतात, आणि पट्टी उताणी असती तर हा सगळा साका तिच्या डोक्यावर येऊन बसला असता. दोनचार तासांनी पट्टी काढून धुऊन वाळवली म्हणजे तीवर दुधी रंगाची एकसारखी झाक दिसते. नुसत्या डोळ्यांना एवढेच दिसते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तीच झाक म्हणजे दाट लागलेल्या षट्कोनी कांड्या असतात, काही दहा ते काहीशे नॅनोमीटर जाडीच्या आणि मायक्रोमीटरभर किंवा त्याहून उंच. पाण्यातून अशा उभ्या कांड्या वाढवण्याची ही रीत २००१ ते २००३ या काळात लायोनेल व्हेसिएर यांच्या प्रयोगांनी रुळली, आणि त्याच सुमारास कॅलिफोर्नियातील बर्कले येथे पेइडाँग यांग यांच्या मंडळींनी बीजथराची युक्ती जोडून ती मोठ्या पृष्ठभागांवर नेली. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून उंच असल्याने तेथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. तरीही हा प्रयोग तेथील एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत बिनतक्रार होईल, मात्र भांड्यावर झाकण हवे, नाहीतर वाफेने पाणी उडून द्रावणाची तीव्रता बदलत जाईल.

या कृतीतले सर्वांत कळीचे द्रव्य हेक्झामिन होय. तापलेल्या पाण्यात ते सावकाश फुटते आणि अमोनिया व फॉर्माल्डिहाइड देते. अमोनियामुळे द्रावणात हायड्रॉक्साइडाचा पुरवठा थेंबाथेंबाने होत राहतो, आणि जस्ताचे आयन त्याच्याशी संयोग पावून ऑक्साइडाच्या रूपाने बीजांवर बसतात. हा पुरवठा मंद असणे हीच त्यातली मख्खी आहे. हेक्झामिनऐवजी कॉस्टिक सोड्याचे तीव्र द्रावण एकदम ओतले, तर काय होते? क्षणार्धात पांढरा बुळबुळीत साका येतो, आणखी सोडा घातला की तोच विरघळून द्रावण निवळते, कारण जस्त आम्लातही विरघळते आणि तीव्र आम्लारीतही. आणि हे निवळलेले द्रावण तापवले की त्यातून कांड्यांचे झुबके, ताऱ्यांसारखे गुच्छ आणि संशोधक ज्यांना फुले म्हणतात अशा आकृत्या एकदम उसळून येतात. कारण उघड आहे. द्रावण जितके अतिसंपृक्त, तितकी नवी बीजे जन्मण्याची घाई मोठी. १९५० साली ला मेर यांनी गंधकाच्या कणांवरून हे दाखवून दिले की बीजे जन्मण्याचा काळ आणि ती वाढण्याचा काळ यांची फारकत केल्याशिवाय सारख्या आकाराचे कण हाती लागत नाहीत. हेक्झामिनच्या कृतीत ही फारकत आधीच झालेली असते: बीजे काचेवर अगोदर पेरलेली, आणि द्रावणाची अतिसंपृक्तता नव्या बीजांना पुरेल इतकी कधी वाढू दिलेली नसते, किंवा निदान तसा प्रयत्न असतो.

हेक्झामिनचे काम एवढेच की आणखी काही, यावर बरीच वर्षे तकरार चालली. एका पक्षाचे म्हणणे असे की हेक्झामिनचे रेणू कांडीच्या बाजूच्या स्वस्थ फलकांना बिलगून बसतात, त्यांची वाढ रोखतात आणि म्हणून कांडी बारीक व उंच होते; दुसऱ्या पक्षाच्या मते हे सारे कल्पित असून हेक्झामिन केवळ आम्लारीचा सावकाश पुरवठा करणारा भांडारी आहे. २०११ साली जवळपास उदासीन सामूवर हेक्झामिनचा एक कणही न घालता कांड्या वाढवून दाखवण्यात आल्या, तेव्हापासून दुसऱ्या पक्षाचे पारडे जड झाले आहे, आणि आमचाही कौल त्याच बाजूला आहे. तरीही पहिल्या पक्षाचे स्पष्टीकरण आजही कित्येक प्रबंधांच्या प्रस्तावनेत जसेच्या तसे उतरवलेले दिसते. एकदा दप्तरी दाखल झालेला मजकूर खोडून काढणे विज्ञानातही सोपे नसते.

फलक खरोखर अडवायचा असेल तर त्यासाठी अधिक इतबारी माणसे, म्हणजे अधिक इतबारी रेणू, उपलब्ध आहेत. लिंबात असते त्या सायट्रिक आम्लाचा क्षार द्रावणात थोडासा घातला, तर त्याचे ऋणभारी रेणू कांडीच्या जस्ताने संपणाऱ्या माथ्यावर घट्ट बसतात. माथ्याची घोडदौड थांबते, बाजूंना आपोआप वाव मिळतो, आणि कांडीच्या जागी पातळ षट्कोनी चकत्या तयार होऊन एकावर एक रचल्या जातात. २००३ साली अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेतील मंडळींनी हे सायट्रेटाचे सामर्थ्य फार देखण्या रीतीने दाखवून दिले. उलट पॉलिइथिलीनइमाइन या लांब साखळीच्या द्रव्याने कांडीची उंची जाडीच्या सव्वाशेपटीहून अधिक वाढवता येते. ते बाजूच्या फलकांना धरते, असा त्याचा अर्थ लावला गेला. आणि २०११ साली मॅसॅच्युसेट्स येथील संशोधकांनी, ज्यांत मनू प्रकाश हे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञही होते, याहूनही साधा उपाय काढला: सेंद्रिय द्रव्यांचे काम नाही, द्रावणात जस्ताखेरीज दुसऱ्या धातूंचे क्षार अल्प प्रमाणात घाला, तीव्र आम्लारीत त्या धातूंचे जे भारित संयुक्त आयन बनतात, ते आपापल्या भाराप्रमाणे विरुद्ध भाराच्या फलकाकडे ओढले जातात आणि तेथील वाढ खुंटवतात. धातू बदलला की अडवणूक होणारा फलक बदलतो. ६० अंशांखालील तापमानात, या एका युक्तीने, चकतीपासून सुईपर्यंतची सगळी हद्द त्यांनी ओलांडून दाखवली.

अडवण्याच्या या राजनीतीची दुसरी बाजूही आहे, आणि ती आम्हांला विशेष मनोरंजक वाटते. वाढ पूर्ण झाल्यावर पट्टी लगेच बाहेर न काढता जस्ताने क्षीण झालेल्या त्याच द्रावणात काही काळ थंड होऊ दिली, तर स्फटिक उलट विरघळू लागतो. आणि सर्वांत आधी विरघळतो तो त्याचा माथा, कारण तो फलक जसा वाढताना उतावळा तसाच झिजतानाही. माथ्याच्या मधोमध खळगा पडतो, तो खोल खोल जातो, बाजूच्या स्वस्थ भिंती मात्र उभ्या राहतात, आणि कांडीची पोकळ षट्कोनी नळी होते. सरावलेला प्रयोगकर्ता नळ्या हव्या असल्या तर मुद्दाम वाट पाहतो. बेसावध प्रयोगकर्त्याला त्या न मागता मिळतात आणि पुन्हा मागितल्या तर मिळत नाहीत.

आकाराचे हे शास्त्र पुणे परिसराला परके नाही. १९५० साली सुरू झालेल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली सोन्याच्या क्षाराचे द्रावण गवती चहाच्या अर्कात मिसळले आणि त्यातून त्रिकोणी आकाराचे, अत्यंत पातळ सोन्याचे पत्रे मिळवून दाखवले. मावळात आषाढ-श्रावणाच्या झडीत ज्या पातीशिवाय चहाला चव येत नाही तीच ही पात! सोन्याचे जालक घन जातीचे, त्याच्या सर्व मुख्य दिशा सारख्या, म्हणून त्याला झिंक ऑक्साइडासारखा कांडीचा उपजत कल नाही. अर्कातील शर्करा सोन्याचे आयन धातूत उतरवतात आणि इतर घटक काही फलकांना पांघरतात, तेव्हा कोठे त्रिकोण साधतो. पदार्थ दुसरा, न्याय तोच: मंद फलक पसरला आणि त्याचे राज्य झाले.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात सी. डी. लोखंडे यांनी रासायनिक कुंडातून पातळ थर बसवण्याची विद्या अनेक वर्षे जोपासली आणि विद्यार्थ्यांच्या पिढ्या तीत तयार केल्या. १९८५ साली फ्रान्समध्ये निकोलौ यांनी सुचवलेली क्रमिक शोषणाची पद्धतही येथे फार रुजली. तीत काचेची पट्टी प्रथम जस्ताच्या द्रावणात, मग स्वच्छ पाण्यात, मग गरम पाण्यात किंवा आम्लारीत, पुन्हा स्वच्छ पाण्यात, अशी फेऱ्यांमागून फेऱ्या बुडवत जातात, आणि प्रत्येक फेरीत जेमतेम अणूंच्या काही थरांची भर पडते. निर्वात पंप नको, दाबाखालची भट्टी नको, लाखो रुपयांचे यंत्र नको. पात्रे, तराजू, तापमापक आणि सहनशील विद्यार्थी एवढी सामग्री पुरते. महाराष्ट्रातील तालुक्याच्या महाविद्यालयांतूनही झिंक ऑक्साइडावर प्रबंध निघतात त्याचे मूळ या काटकसरीत आहे. ही गोष्ट कमीपणाची मानण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. मात्र एक खबरदारी घ्यावी: प्रयोगानंतरचे जस्ताचे आणि फॉर्माल्डिहाइडाचे पाणी मोरीत ओतू नये, कारण मावळातली मोरी अखेर इंद्रायणीला नाहीतर पवनेलाच मिळते आणि विरघळलेले जस्त जलचरांना बाधते.

आकार साधला की नाही हे ठरवण्यासाठी सूक्ष्मदर्शकाचे चित्र पुरेसे नाही, कारण चित्र घेणारा सर्वांत देखणा कोपरा निवडतो, हा मानवी स्वभाव आहे. क्ष-किरणांची साक्ष अधिक भरवशाची, कारण तीत पट्टीच्या मोठ्या क्षेत्रावरचे सारे रवे एकदम बोलतात. तांब्याच्या नेहमीच्या क्ष-किरणांनी तपासले असता झिंक ऑक्साइडाच्या अस्ताव्यस्त भुकटीत ३१.८, ३४.४ आणि ३६.३ अंशांवर तीन ठळक रेषा मिळतात आणि त्यांत शेवटची सर्वांत उंच असते. परंतु कांड्या खरोखरच काचेवर उभ्या असतील तर ३४.४ अंशांची रेषा इतकी वर चढते की शेजारच्या दोन्ही जवळजवळ दिसेनाशा होतात.

हा खटाटोप कशासाठी, असे व्यवहारी वाचक विचारील. अतिनील प्रकाश शोषणारे हे द्रव्य. त्याच्या उभ्या कांड्यांतून २००१ साली बर्कलेच्या मंडळींनी अतिनील लेसर किरण काढले, आणि २००६ साली झाँग लिन वाँग व जिन्हुई साँग यांनी एकेक कांडी वाकवून तीतून विजेचा सूक्ष्म स्पंद मिळवला, कारण टोकांच्या भारांतील विषमतेमुळे दाब पडताच तिच्यात विद्युत्दाब निर्माण होतो. रंगद्रव्यावर चालणाऱ्या सौरघटात २००५ साली याच कांड्या वापरल्या गेल्या, पण कार्यक्षमता दीड टक्क्याच्या आसपास राहिली. तेव्हा त्या दिशेने फार मोठ्या आशा बाळगण्यात अर्थ नव्हता. वायू ओळखणाऱ्या संवेदकांत आणि पाण्यातील रंग प्रकाशाने फोडण्यात कोणता फलक उघडा आहे यावर बराच फरक पडतो. आकाराचे महत्त्व ज्याने निर्विवाद सिद्ध केले ते उदाहरण मात्र नॅनोच्या गाजावाजाच्या कितीतरी आधीचे आहे, आणि लोणावळ्याला जवळचेही आहे. वळवण, लोणावळा आणि शिरवटा या तलावांच्या पाण्यावर १९१५ साली खोपोलीला वीज निघू लागली तेव्हापासून या घाटमाथ्यावर तारा आणि आकाशातली वीज यांचे वैर आहे; आज ठिकठिकाणच्या उपकेंद्रांत तारांच्या रक्षणासाठी जे उभे निवारक खांब असतात त्यांच्या पोटात झिंक ऑक्साइडाच्याच भाजलेल्या चकत्या रचलेल्या असतात. जपानमधील मात्सुओका यांनी गेल्या शतकाच्या सातव्या दशकाच्या अखेरीस ही चकती सिद्ध केली. तिच्यातील दोन रव्यांमधली प्रत्येक सीमा सुमारे तीन व्होल्टपर्यंत विजेला अडवते आणि त्याहून अधिक दाब आला की वाट देते. म्हणून चकतीच्या त्याच जाडीत रवे जितके बारीक तितक्या सीमा अधिक आणि तितका अडवण्याचा दाब मोठा. रव्याचा आकार बिघडला, तर खांबाचा हिशेब बिघडतो.

राहता राहिला एक मुद्दा, तो स्पष्टच मांडतो. या विषयावरील निबंधांत फुले, तारे, कंगवे आणि पंखे यांची अशी रेलचेल झाली आहे की त्यांतील कित्येक आकृत्या दुसऱ्या कोणाला तर सोडाच, खुद्द कर्त्यालाही पुन्हा मिळाल्या असतील की नाही याची शंका येते. द्रावण किती वेगाने तापवले, सामू आरंभी किती होता आणि अखेरीस किती, बीजथर कसा दिला, पट्टी केव्हा बाहेर काढली आणि तेव्हा द्रावण किती थंड झाले होते, हा तपशील आकार ठरवतो. आकृतीला दिलेले नाव नव्हे. ज्या निबंधात हा तपशील नाही, त्यातील चित्र कितीही देखणे असले तरी त्या निबंधाला प्रयोगवहीच्या एका नीट भरलेल्या पानाचीही किंमत देता येणार नाही.